यंदाचे हस्तलिखित आणि वेताळाचा चेहरा





यंदाच्या हस्तलिखिताविषयी गेल्या दोन महिन्यांत आम्हाला जितके विचारले गेले, तितके दहावीच्या निकालाविषयीही कोणी विचारत नाही. "सर, शाळेत मुलांकडून भुतांची चित्रे काढून घेताय म्हणे?" असे एका आईने फाटकापाशीच अडवून विचारले. एका विश्वस्तांनी फोन करून तेच जरा सौम्य शब्दांत विचारले. दोघांनाही आम्ही "सविस्तर सांगतो" असे म्हणालो होतो. ते सविस्तर उत्तर या अंकात देत आहोत.

दरवर्षी हस्तलिखिताचा विषय नववीचा वर्ग ठरवतो, ही आपल्या शाळेची जुनी पद्धत. यंदा वर्गाने एकमुखाने "भयकथा" म्हटले. त्यांच्या डोक्यात अर्थातच डुमस होते. सुरतेत राहून डुमसच्या काळ्या वाळूची आणि तिथल्या जुन्या स्मशानाची गोष्ट ऐकली नाही असा मुलगा सापडणार नाही, आणि प्रत्येकाच्या कोणत्या तरी मामाने तिथे रात्री काहीतरी पाहिलेले असतेच. आम्ही म्हटले, मामांच्या गोष्टी राहू द्या. भयकथाच हव्या ना, मग आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत चांगली घ्या. वेताळपंचविशी घ्या.

या पुस्तकाशी आपले नाते किती जवळचे आहे ते मुलांना ठाऊक नव्हते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीसाठी 'कथासरित्सागर' रचला, त्यात या पंचवीस गोष्टी आहेत. आपण सारे त्यातल्या राजाला उज्जैनचा विक्रम म्हणून ओळखतो. सोमदेवाचा राजा मात्र त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीच्या काठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. ज्या 'बृहत्कथे'वरून सोमदेवाने हे सारे घेतले, ती गुणाढ्याने पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या म्हटल्या जाणाऱ्या भाषेत लिहिली, आणि परंपरा सांगते की तोही प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारचा. तेव्हा वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा तो राजा मूळचा मराठी मुलखातला, असे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा औरंगाबादकडच्या दोन मुलांनी लगेच कॉलर ताठ केली. मराठीत छपाई नुकती रुजत होती त्या काळात, १८३० साली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. म्हणजे आपल्या भाषेतल्या पहिल्यावहिल्या छापील गोष्टींत हा वेताळ होता.

हिंदीचे विद्यार्थी असल्यामुळे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिंदीतली 'बैताल पचीसी' ज्या ब्रजभाषेतल्या पोथीवरून झाली ती सूरति मिश्रांची. हे नाव वाचून आमच्या एका विद्यार्थ्याने मोठ्या अभिमानाने जाहीर केले की ही गोष्ट सुरतेतच लिहिली गेली. मिश्रजी होते आग्र्याचे. असो.

आमचे स्वतःचे वेताळाशी नाते चित्रातून जुळले. आमचे बालपण बुऱ्हाणपूरचे. तिथेही तापीच. घरात मराठी, शाळा आणि पुढे कॉलेजही हिंदी माध्यमाचे. घरी हिंदी 'चंदामामा' येत असे आणि जळगावहून कोणी पाहुणे आले की मराठी 'चांदोबा' आणत. दोन्ही मासिके मद्रासहून निघत, गोष्टी त्याच, चित्रे तीच. हिंदी अंकात वाचलेली वेताळकथा मराठी अंकात चित्रांच्या आधाराने पुन्हा वाचायची, अडलेला शब्द हिंदीत शोधायचा, असे करत आम्ही छापील मराठी वाचायला शिकलो. आमच्या मराठीत आजही कुठे हिंदीचा खडा लागत असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे, पण जी काही आली ती अशी वेताळाच्या कृपेने आली.

ते चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान, आणि राजाच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. हे चित्र के. सी. शिवशंकरन यांचे. ते 'शंकर' अशी सही करत. जन्म १९२४ चा, मद्रासच्या कला महाविद्यालयात शिक्षण, १९५२ च्या सुमारास ते 'चंदामामा'त आले आणि साठेक वर्षे तिथेच चित्रे काढत राहिले. २०२० साली ते गेले, २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 'चांदोबा' आता निघत नाही, त्यामुळे आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नाही. आम्ही जुन्या अंकांची काही पाने वर्गात फिरवली. १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागायचे, अरुण गोविल राजा आणि सज्जन वेताळ. आमच्या पिढीला तेही आवडले होते, पण मनातला वेताळ शंकरांचाच राहिला.

मुलांना दुसरेही एक उदाहरण दाखवले. रिचर्ड बर्टन नावाचा इंग्रज अधिकारी तरुणपणी, १८४० च्या दशकात, आपल्या शेजारी बडोद्याला पलटणीत होता. १८७० साली त्याने यातल्या अकरा गोष्टी इंग्रजीत काढल्या आणि त्यांना अर्नेस्ट ग्रिसे या चित्रकाराने चित्रे काढली. बर्टनने वेताळाला चक्क मोठे वटवाघूळ म्हटले. एकाच पात्राचे एका देशात वटवाघूळ झाले आणि दुसऱ्या देशात खांद्यावरचे प्रेत. तेव्हा आमच्या मुलांना मोकळीक होती, वेताळ ज्याला जसा दिसेल तसा.

ही मोकळीक दिली आणि पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. वेताळाला शिंगे, सुळे, लाल डोळे अशी पाच-सहा चित्रे आली. ती पाहून एक पालक भेटायला आले. त्यांचे मूळ गाव सिंधुदुर्गात. म्हणाले, "सर, आमच्याकडे वेतोबा देव आहे. गावाचा राखणदार. त्याला शिंगं कशी चालतील?" आरवलीच्या वेतोबाविषयी त्यांनी मुलांना सांगावे अशी आम्ही तिथल्या तिथे विनंती केली. देव रात्री गावाभोवती फिरतो, चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवसाला मोठ्या मोठ्या चपला वाहतात, हे ऐकून मुले गप्प झाली. खानदेशातल्या मुलांनी आपापल्या गावाच्या शिवेवरचा शेंदूर लावलेला वेताळाचा दगड आठवून सांगितला. त्याला तर चेहराच नसतो. त्यानंतर एका मुलीने जो वेताळ काढला त्याच्या पायांत झिजलेल्या वहाणा आहेत, एक अंगठा तुटलेला. झाडाला उलटे लटकलेल्या त्या प्रेताकडे पाहून भीती वाटते आणि दयाही येते. सबंध हस्तलिखितातला तो आमचा लाडका वेताळ.

चित्रकलेच्या शिक्षकांनी रात्र रंगवण्यावर बराच वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला. आधीच्या सगळ्या कच्च्या चित्रांत आकाशात पूर्ण चंद्र होता, कारण टीव्हीवर तसाच असतो. विज्ञानाच्या बाईंनी आठवण करून दिली की गोष्टीतली रात्र कृष्ण चतुर्दशीची आहे, त्या रात्री चंद्र उगवतो तोच पहाटेच्या तोंडावर आणि तोही कोरभर. मग उजेड कुठला? चितेचा. एका वाक्याने सगळी चित्रे बदलली. उजेड वरून यायचा तो खालून येऊ लागला, हनुवटी उजळली आणि डोळे काळोखात गेले. झाडाचाही असाच प्रश्न. प्रेत ज्या झाडावर आहे ते शिंशपा, म्हणजे हिंदीत ज्याला शीशम म्हणतात ते. मुलांनी सवयीने वड काढला होता. गोष्टीत वडही आहे, पण त्याच्याखाली भिक्षू मंडल आखून बसला आहे. हा फरक चित्रात दिसलाच पाहिजे असा शिक्षकांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता.

काळा रंग कसा करायचा हे शिकवायला एक पालक आले. ते पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांसाठी रंग तयार करतात. बाटलीतला काळा सरळ फासला की वाळल्यावर राखाडी आणि मेलेला दिसतो, हे त्यांनी आधी दाखवले. मग गडद निळ्यात तपकिरी मिसळून, दोन वेळा हात फिरवून अशी रात्र केली की मुलांनी टाळ्या वाजवल्या. जाताना साड्यांच्या घडीतले पुठ्ठेही देऊन गेले. आतली सर्व चित्रे त्याच पुठ्ठ्यांवर चिकटवली आहेत. सुरतेत शाळा असण्याचे असेही फायदे असतात.

भुतांच्या चित्रांना पालकांची जी हरकत होती, तिच्यातला खरा मुद्दा या कामात अगदी वेगळ्याच ठिकाणी निघाला, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख.

एका मुलाचा हात फार चांगला आहे. त्याने स्मशानाचे चित्र आणले. चिता, कोल्हे, हाडे, सगळे उत्तम. एका कोपऱ्यात त्याने एक डाकीण काढली होती. पांढरे लुगडे, कपाळ मोकळे, एका डोळ्यात फूल पडलेले, आणि काखेत टोपली. वर्गात चित्र फिरू लागले आणि मुले एकमेकांना कोपराने ढोसून हसू लागली. कारण ती कोण हे सर्वांना कळले होते. त्याच वस्तीत एक म्हाताऱ्या बाई टोपली घेऊन फिरतात. मुलाला विचारले तेव्हा त्याने काहीही लपवले नाही. "सर, आमच्या गल्लीत सगळे त्यांना तसंच म्हणतात," असे तो साधेपणाने म्हणाला.

आम्ही रागावलो नाही. त्याच्या हातात वेताळपंचविशी दिली आणि म्हटले, या गोष्टीत ही बाई कुठे आहे ते शोधून दाखव. दोन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, सापडली नाही. सापडणार नव्हतीच. राजाच्या त्या रात्रीच्या गोष्टीत अशी कोणी म्हातारी नाही. ती त्याने गल्लीतून उचलून स्मशानात नेऊन बसवली होती.

पालकहो, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्यापैकी बरेच जण खानदेशातून, नंदुरबारकडून, तापीच्या वरच्या गावांतून आलो आहोत. एखाद्या बाईला डाकीण म्हटले की पुढे तिचे काय होते हे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पाणी बंद होते, वाट बंद होते, मारहाण होते, काही वेळा जीवही जातो. बहुधा ती विधवा असते, एकटी असते, आणि तिच्या नावावर थोडी जमीन असते. महाराष्ट्रात २०१३ साली आणि गुजरातमध्ये २०२४ साली अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरुद्ध कायदे झाले. कायदा झाला म्हणजे असे प्रकार अजून घडतात. हे सगळे आम्ही त्या दिवशी वर्गात सांगितले, सोपे करून पण काही न गाळता.

मग त्या मुलाला आम्ही शेवटचे चित्र दिले. भिक्षूचे.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्षान्तिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येतो आणि राजाला एक फळ देतो. काही मागत नाही. एके दिवशी माकडाने फळ फोडले तेव्हा आतून रत्न निघाले, आणि पाहिले तर वर्षानुवर्षे दिलेल्या प्रत्येक फळात एकेक रत्न. राजा भारावला. भिक्षूने तेव्हा मागितले ते एवढेच, की चतुर्दशीच्या रात्री स्मशानात या आणि झाडावरचे प्रेत मला आणून द्या. राजा प्रेत उतरवतो, त्यात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडे घालतो, राजा उत्तर देतो आणि वेताळ परत झाडावर. असे होता होता शेवटच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसते. वेताळ प्रसन्न होतो आणि खरे सांगतो, की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा त्यालाच म्हण, कसा घालायचा ते आधी दाखवा.

म्हणजे सगळी रात्र ज्याला पाहून भ्यायचे तो प्रेतातला वेताळ राजाचा हितचिंतक, आणि रोज फळ घेऊन येणारा घातकी. आम्हाला वाटते, नऊशे वर्षे ही गोष्ट टिकली ती या एका गोष्टीमुळे. आणि चित्रकारापुढे सर्वांत अवघड काम इथेच आहे.

मुलाने पहिला भिक्षू काढला तो जाड भुवयांचा, तिरक्या नजरेचा. आम्ही विचारले, राजा इतका हुशार, आणि असा माणूस रोज समोर येत असताना त्याला काही कळले नाही? तो विचारात पडला. दुसऱ्या खेपेला चेहरा ठीक होता, पण मागे भिंतीवर सुळे असलेली सावली टाकली होती. चित्रकलेच्या शिक्षकांना ती युक्ती आवडली होती. आम्हाला नाही आवडली, कारण सावलीने गोष्ट आधीच फोडली. मुलगा वैतागून म्हणाला, "मग सर, तो वाईट आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं?" आम्ही म्हटले, नाहीच कळायचे. पान उलटल्यावर कळेल.

नऊ दिवस लागले. आता जो भिक्षू आहे तो साधा, शांत, चाळिशीचा, ओंजळीत फळ धरलेला. नखे स्वच्छ आहेत. डोळ्यांत माया आहे. पुढच्या पानावर तोच माणूस तोच चेहरा ठेवून वडाखाली बसला आहे आणि राजाला नमस्कार घालायला सांगतो आहे.

चित्रे वाळायला सभागृहात मांडली होती तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आजी आल्या होत्या. फळवाल्या भिक्षूपुढे त्या थांबल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "किती सात्त्विक चेहरा काढलाय बाळा, कोण महाराज हे?" आमच्या चित्रकाराने त्यांना हाताला धरून शेजारच्या चित्रापाशी नेले आणि पुढचे सांगितले. आजींनी जोडलेले हात खाली घेतले. "अरे, मग आधी सांगायचं ना!" एवढेच म्हणाल्या.

डाकिणीचे चित्र त्याने स्वतःहून मागून नेले. त्याचे पुढे काय केले ते आम्ही विचारलेले नाही.

शेवटच्या कोड्याविषयी राहिलेच. बाप आणि मुलगा जंगलातून जाताना वाळूत दोन बायकांच्या पाउलखुणा पाहतात, एक मोठी, एक लहान. ठरते असे की मोठ्या पावलांची असेल तिच्याशी बापाने लग्न करायचे, लहान पावलांची असेल तिच्याशी मुलाने. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची निघतात आणि लहान तिच्या आईची. शब्द दिला म्हणून लग्ने तशीच होतात. तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? नववीने दोन तास फळा भरून टाकला. मामा, आत्या, काका, आजी सगळे एकाच माणसाला लागू होऊ लागले आणि अखेर गणिताच्या सरांनीही हात टेकले. या गोष्टीचे चित्र एका मुलीने काढले आहे. त्यात ना भूत आहे ना माणूस. तापीच्या उन्हाळी पात्रातली वाळू आणि तिच्यावरून पुढे पुढे गेलेली पावलांची दोन रांगा, एवढेच. रात्रीच्या सगळ्या चित्रांत हे एक उन्हातले आहे, आणि का कोण जाणे, तेच बघून जास्त चमत्कारिक वाटते.

एकूण एकोणीस चित्रे आहेत. ज्या आईंनी फाटकापाशी विचारले होते त्या येऊन पाहून गेल्या. वेतोबाच्या वहाणा त्यांना आवडल्या, कोल्हे जास्त झाले असे त्यांचे मत पडले आणि ते आम्हालाही पटले. विश्वस्तांना अजून सवड झालेली नाही.

हस्तलिखित ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आहे. शनिवारी शाळा सुटल्यानंतर पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी जरूर यावे. पाने उलटताना मात्र जरा जपून, रात्रीचा रंग दोन वेळा चढवला असल्यामुळे तो अजून बोटांना लागतो.